विश्लेषण : जपानी साहेब ‘हो’ म्हणाले, म्हणजे काम झाले का? परदेशी नोकरीआधी तिथली रीत शिकणे का गरजेचे?

भारत आणि जपान यांच्यात पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा व्हावी, असे उद्दिष्ट दोन्ही देशांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल आणि होतकरू मनुष्यबळाचा समावेश आहे. व्हिसा कसा मिळेल, पगार किती, भाषेची कोणती पातळी लागेल, याची चर्चा महाराष्ट्रातील क्लासेसपासून समाजमाध्यमांपर्यंत सगळीकडे सुरू आहे. मात्र विमानतळावरून बाहेर पडल्यानंतर कार्यालयात, कारखान्यात आणि वसतिगृहात जे घडते, त्याची तयारी फारशी कोणी करून घेत नाही. अनेकदा अडचण कामाच्या कौशल्याची नसतेच. ती असते समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्याची.

‘हो’ आणि ‘नाही’चा घोळ काय आहे?

समजा, पुण्यातील एक अभियंता टोकियोतील ग्राहक कंपनीसमोर नवी कल्पना मांडतो. समोरचे अधिकारी मान डोलावत ‘हाय, हाय’ म्हणतात. ‘हाय’चा शब्दकोशातील अर्थ ‘होय’. अभियंता आनंदाने पुण्याला कळवतो, की होकार मिळाला. दोन आठवडे उलटतात, उत्तर येत नाही. कारण संभाषणातील ‘हाय’चा अर्थ बऱ्याचदा ‘तुम्ही बोलताय ते ऐकतोय’ एवढाच असतो. मराठीत फोनवर आपण ‘हं, हं’ करतो, तसा.

नकारही थेट येत नाही. ‘चोत्तो मुझुकाशी’ म्हणजे ‘जरा अवघड आहे’. ‘केन्तो शिमासु’ म्हणजे ‘विचार करतो’. व्यवसायाच्या भाषेत हे दोन्ही बहुतेक वेळा सभ्य नकार असतात. मनातले खरे मत म्हणजे ‘होन्ने’ आणि चारचौघांत मांडायची भूमिका म्हणजे ‘तातेमाए’, असा फरक जपानी समाजात उघडपणे मान्य आहे. न बोललेले ओळखण्याच्या कौशल्याला तिथे ‘हवा वाचणे’ म्हणतात.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. लग्नाच्या बैठकीत ‘कळवतो’ म्हटले की मुलीकडचे काय समजायचे ते समजतात. ‘बघू’, ‘करू या की’, ‘पुढच्या आठवड्यात भेटू’ यांतील नकार आपल्याला बरोबर ऐकू येतो. परदेशात गेल्यावर मात्र आपण शब्दाचा शब्दशः अर्थ धरून बसतो, कारण तिथल्या सुरावटीची सवय कानाला नसते.

भारतीयांच्या ‘होईल’मुळे काय बिघडते?

घोळ एकतर्फी नाही. ‘शुक्रवारपर्यंत होईल का?’ असे जपानी व्यवस्थापकाने विचारले, की भारतीय कर्मचारी सहसा ‘होईल’ म्हणतो. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘पूर्ण प्रयत्न करतो’ असा असतो. वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते. ऐकणाऱ्याच्या लेखी मात्र ‘होईल’ हे आश्वासन असते आणि पुढचे वेळापत्रक त्यावर बेतले जाते. शुक्रवारी सायंकाळी ‘अजून दोन दिवस लागतील’ असे कळले, तर उशिरापेक्षा ‘आधी का सांगितले नाही’ याचा राग अधिक असतो. त्यातून जाणारा विश्वास परत मिळवायला कित्येक महिने लागतात.

‘हो-रेन-सो’ म्हणजे काय?

जपानमधील नव्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच शिकवला जाणारा हा नियम. ‘होकोकु’ म्हणजे कामाचा अहवाल देणे, ‘रेनराकु’ म्हणजे संबंधितांना कळवणे आणि ‘सोदान’ म्हणजे अडले की सल्ला घेणे. तिन्हींची आद्याक्षरे जोडली की ‘होरेनसो’ होते, ज्याचा जपानीत अर्थ पालक भाजी. यामाताने सिक्युरिटीज या कंपनीचे प्रमुख तोमिजी यामाझाकी यांनी १९८२ मध्ये ही संकल्पना लोकप्रिय केली.

भारतीय कर्मचाऱ्याला सारखे अहवाल मागणे म्हणजे अविश्वास वाटतो. ‘काम दिले ना, मग झाल्यावर सांगतोच की’ ही आपली पद्धत. जपानी व्यवस्थापकाला मात्र काम ४० टक्क्यांवर असताना अडचण कळली, तर ती सोडवता येते. ९५ टक्क्यांवर कळली, तर फक्त माफी मागता येते. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कोणीही कामगार दोरी ओढून इशारा देऊ शकतो आणि गरज पडल्यास अख्खी उत्पादन साखळी थांबते. वाईट बातमी लवकर देणारा तिथे अडथळा मानला जात नाही. लपवणारा मानला जातो.

बैठकीत निर्णय का होत नाहीत?

भारतीय किंवा अमेरिकी पद्धतीत बैठक वाद घालून निर्णय घेण्यासाठी असते. पारंपरिक जपानी कंपनीत निर्णय बैठकीआधीच आकाराला आलेला असतो. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. तोच शब्द कार्यालयात वापरला जातो. प्रस्ताव मांडण्याआधी प्रत्येक संबंधिताला स्वतंत्रपणे भेटायचे, शंका ऐकायच्या, दुरुस्त्या करायच्या. मग ‘रिंगी’ नावाची प्रस्तावाची फाइल विभागाविभागांतून फिरते आणि प्रत्येक जण त्यावर मंजुरीची मोहोर उमटवतो.

ही पद्धत संथ आहे, पण त्यामुळे निर्णय झाल्यानंतर अंमलबजावणीत फाटे फुटत नाहीत. हे ठाऊक नसलेला नवखा कर्मचारी भर बैठकीत वरिष्ठाच्या आराखड्यातील चूक दाखवतो. चूक खरी असली, तरी सर्वांसमोर दाखवल्यामुळे वरिष्ठाची अडचण होते. तीच गोष्ट आदल्या दिवशी दहा मिनिटे भेटून सांगितली असती, तर कदाचित आराखडाही बदलला असता आणि मानही राहिला असता.

व्हिजिटिंग कार्ड आणि वाकून नमस्कार पुरेसे नाहीत का?

प्रशिक्षणाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एवढेच शिकवले जाते. कार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे, घेतलेले लगेच खिशात कोंबू नये, भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, कारण ते अंत्यविधीशी जोडलेले आहे. हे नियम उपयोगी आहेत, पण परदेशी माणसाकडून ते चुकले तर सहसा माफ होते. माफ होत नाहीत त्या न दिसणाऱ्या चुका.

संबोधनाचेच उदाहरण घ्या. आडनावापुढे ‘सान’ लावायचे, एवढे सगळ्यांना माहीत असते. स्वतःच्या नावाला ते लावायचे नसते. त्याहून अवघड म्हणजे बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना आपल्या कंपनीच्या वरिष्ठालाही ‘सान’ लावत नाहीत. आपले ते ‘आतले’, ग्राहक ‘बाहेरचा’ आणि मान बाहेरच्याला. साहेबांचा उल्लेख सगळीकडे ‘सर’ असाच करणाऱ्या मराठी कर्मचाऱ्याला हे जड जाते.

खाण्याचेही तसेच. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. मिसो सूपसारख्या साध्या वाटणाऱ्या पदार्थातही ‘दाशी’ हा अर्क असतो आणि तो अनेकदा सुकवलेल्या माशापासून केलेला असतो. मासा, मांस आणि त्यांचा अर्क चालत नाही, असे आधीच स्पष्ट कळवणे यजमानालाही सोयीचे जाते. ऐनवेळी ताट परत पाठवणे त्याला अपमानास्पद वाटू शकते.

यावर अभ्यास काय सांगतात?

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी समाजांच्या संवादशैलीतील एक फरक दाखवून दिला. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग शब्दांत असतो, तर काहींत तो प्रसंग, नाते आणि मौनात. जपान, चीन, कोरिया दुसऱ्या प्रकारात मोडतात. भारतही बराचसा तिकडेच झुकतो.

डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला. त्यात ‘अनिश्चितता टाळण्याच्या’ मोजपट्टीवर जपानचे गुण ९२, तर भारताचे ४० आहेत. ‘अधिकारातील अंतर मान्य करण्याच्या’ मोजपट्टीवर भारत ७७ आणि जपान ५४. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वरच्या ‘होईल’चा उलगडा होतो. वरिष्ठाला नाही म्हणायचे नाही आणि ऐनवेळी काहीतरी मार्ग निघेल, या दोन भारतीय सवयींचा मेळ जपानी नियोजनाशी बसत नाही.

मात्र या आकड्यांना मर्यादा आहेत. माहिती अर्ध्या शतकापूर्वीची आणि एकाच कंपनीतली आहे. देशाची सरासरी म्हणजे समोर बसलेला माणूस नव्हे. ओसाकाचा छोटा कारखानदार, टोकियोतील जुनी बँक आणि नवी स्टार्टअप यांच्या रीती एकसारख्या नाहीत. ‘जपानी लोक असेच असतात’ असा ठसा मनात घेऊन जाणारा काहीच न शिकलेल्यापेक्षा जास्त चुकू शकतो.

कंपन्यांनी यातून काय कमावले, काय गमावले?

दक्षिण कोरियातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. टाटा मोटर्सने २००४ मध्ये गुनसान येथील देवू कंपनीचा व्यावसायिक वाहन विभाग सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना घेतला. परदेशी मालकाबद्दल कामगार संघटना आणि स्थानिक समाजात शंका होत्या. टाटांनी कंपनीची माहिती देणारी पत्रके कोरियन भाषेत काढली, संघटना आणि स्थानिक प्रशासनाशी आधीच बोलणी केली, नावात ‘देवू’ कायम ठेवले आणि दैनंदिन कारभार कोरियन व्यवस्थापनाकडेच राहू दिला. ही एका अर्थाने नेमावाशीच होती.

दुसरे उदाहरण वॉलमार्टचे. जगातील या सर्वांत मोठ्या किरकोळ विक्री कंपनीने १९९८ मध्ये दक्षिण कोरियात पाऊल ठेवले आणि २००६ मध्ये आपली १६ दुकाने शिनसेगे या स्थानिक कंपनीला विकून ती बाहेर पडली. गोदामासारखी दुकाने, उंच मांडण्या आणि मोठाल्या पुड्यांतील माल ही अमेरिकेत चाललेली रचना तिथे चालली नाही. कोरियन ग्राहकाला ताजी भाजी आणि मासे निवडून घ्यायचे होते. चुका कळल्या तोवर स्थानिक स्पर्धक बरेच पुढे गेले होते.

मग सगळे अपयश संस्कृतीमुळेच का?

नाही, आणि हा मुद्दा अनेकदा निसटतो. महिंद्र अँड महिंद्रने २०११ मध्ये साँगयाँग या कोरियन कंपनीत सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. त्याआधीच्या चिनी मालकाच्या काळातील संकटानंतर २००९ मध्ये तिथे ७७ दिवसांचा संप झाला होता. महिंद्रच्या काळात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेण्याबाबत २०१८ मध्ये समझोताही झाला. तरीही तोटा आटोक्यात आला नाही. एप्रिल २०२०मध्ये महिंद्रने नवी गुंतवणूक नाकारली आणि डिसेंबरमध्ये साँगयाँगने न्यायालयाकडे धाव घेतली. पुढे केजी समूहाने ती विकत घेतली. संबंध सुधारल्याने विश्वास मिळतो, पण न खपणारी गाडी त्यामुळे खपत नाही.

परदेशात पाठवलेले कर्मचारी मोठ्या प्रमाणात अपयशी ठरून परततात, असे सांगत ४० टक्क्यांपर्यंतचे आकडे वर्षानुवर्षे दिले जात. संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी १९९५ मध्ये त्यांचा माग काढला, तेव्हा या आकड्यांना भक्कम आधार नसल्याचे दिसले. एकमेकांचे संदर्भ उचलत ते पुढे सरकले होते. प्रशिक्षणाचे महागडे पॅकेज विकणारा असे आकडे दाखवत असेल, तर स्रोत विचारलेला बरा.

कुटुंबाचा संबंध कुठे येतो?

रोझली तुंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांनी परदेशातील नेमणूक फसण्याचे पहिले कारण दिले ते जोडीदाराला तिथे रुळता न येणे. कर्मचाऱ्याचा दिवस कार्यालयात जातो. घरी राहणाऱ्याला कचऱ्याच्या वर्गीकरणाचे वार, दवाखाना, शाळेतून आलेली जपानी चिठ्ठी हे सगळे एकट्याने निभवावे लागते.

टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे भारतीयांची वस्ती वाढली ती याच गरजेतून. २०००च्या सुमारास संगणकांतील ‘वायटूके’ अडचणीच्या कामासाठी भारतीय अभियंते तिथे गेले. कार्यालयांकडे थेट मेट्रो, सोबतीला भारतीय शेजारी आणि पुढे भारतीय शाळा यांमुळे कुटुंबे टिकली. मराठी भाषक योगेंद्र पुराणिक याच एदोगावातून २०१९ मध्ये स्थानिक सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मात्र वस्तीचा आधार मिळाला, की जपानी शेजाऱ्याशी बोलणे टळते, हा त्यातील धोका.

एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसाच्या पहिल्या प्रकारात तर कुटुंब सोबत नेण्याची सर्वसाधारण परवानगीच नाही. तो साधारण पाच वर्षांपर्यंत मिळतो. वृद्धसेवा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांत जाणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे निघण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

‘इथली पद्धतच अशी’ म्हटले की ऐकायचे का?

सर्वांत महत्त्वाची रेषा इथे आहे. रीत आणि अन्याय यांत फरक करता आला पाहिजे. काम संपवून निघताना ‘तुमच्या आधी निघतो, माफ करा’ म्हणणे ही रीत. पगार न देता जादा काम करून घेणे, पासपोर्ट काढून घेणे ही रीत नाही, तो जपानी कायद्याचाही भंग आहे. २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार जादा कामाची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे. विशेष करार केल्यास ती वाढते, पण त्यालाही कमाल मर्यादा आहे. तक्रार श्रम मानक निरीक्षण कार्यालयात करता येते आणि ती परदेशी कामगारालाही करता येते.

१९९३ पासूनच्या ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजनेत मालक बदलण्याची मुभा जवळपास नव्हती. शोषणाच्या तक्रारी वाढल्याने ही योजना मोडीत काढून नवी आणण्याचा कायदा जपानी संसदेने जून २०२४ मध्ये केला. विशिष्ट कुशल कामगाराला मात्र त्याच क्षेत्रात नोकरी बदलता येते. तेव्हा आपला व्हिसा नेमका कोणत्या योजनेचा, हे एजंटाच्या तोंडी शब्दावर न सोडता कागदावर पाहणे, ही पहिली ‘सांस्कृतिक तयारी’ म्हणावी लागेल.

जुळवून घ्यायचे ते फक्त जाणाऱ्यानेच का?

भारतात आलेल्या जपानी व्यवस्थापनानेही रीती बदलल्या आहेत. मारुती उद्योगमधून डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. त्या काळात ओसामू सुझुकी यांचा आग्रह होता, की अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एक आणि जेवणाचे कॅन्टीनही एक. साहेबांचे जेवण वेगळे, ही आपल्याकडची पद्धत त्याने मोडली. मात्र याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात जुलै २०१२ मध्ये हिंसाचार होऊन मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. कंत्राटी कामगार, वेतन आणि संघटनेचे प्रश्न एका टेबलावर जेवल्याने सुटत नाहीत, हेही त्यातून दिसले.

जाण्यापूर्वी नेमकी तयारी काय करावी?

विशिष्ट कुशल कामगार व्हिसासाठी साधारणपणे ‘जेएलपीटी’ परीक्षेची ‘एन-४’ पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. पण ‘जेएलपीटी’त बोलण्याची परीक्षाच नसते. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन, ऐकणे तपासले जाते. ‘मला समजले नाही, पुन्हा सांगाल का’, ‘हे शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी होईल’, ‘इथे माझी चूक झाली’ ही तीन वाक्ये न अडखळता बोलता येतात का, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. नोकरी मात्र त्यावर टिकते.

म्हणून व्याकरणाइतकाच सराव प्रसंगांचा हवा. बैठकीनंतर ‘मी असे समजलो, बरोबर आहे का?’ असे लेखी कळवण्याची सवय लावावी. तारीख विचारली की ‘होईल’ऐवजी ‘कशामुळे अडू शकते’ हेही सांगावे. तिथे आधी गेलेल्या दोघा-तिघांशी, शक्यतो एजंटाशी संबंध नसलेल्यांशी, बोलावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि शहरातील खासगी वर्गांत जपानी शिकवले जाते. ५० हजारांचे उद्दिष्ट गाठायचे, तर अशा वर्गांत कार्यालयीन व्यवहार आणि कामगार हक्क हे दोन विषय जोडावे लागतील. हे उद्दिष्ट यशस्वी ठरले की नाही, हे किती जण विमानात बसले यापेक्षा तीन वर्षांनंतर त्यातील किती जण आपल्या मर्जीने तिथे टिकून आहेत, यावरून ठरेल.